मरू दे म्हणजे काय

"बाबा, डील करू या," मिहीर म्हणाला. "आज दिवसभर ही कार्ट तू ड्राइव्ह करायची. नो इन्सिडंट, तर घरच्या कॅम्रीची चावी तुझी. काही झालं, तर चावी माझी आणि तू अँड आई फ्रिस्कोला मूव्ह होणार."

मिहीर बापाला 'तू' म्हणतो. लाडाने नव्हे. शनिवारच्या मराठी शाळेत 'तुम्ही'चा धडा यायच्या आधीच त्याचं सॉकर सुरू झालं होतं. शैलेंद्र आणि सरला वर्तक यांचा हा एकुलता एक मुलगा आता पंचेचाळिशीचा आहे आणि टेक्सासमधल्या फ्रिस्कोत राहतो. घराजवळच्या एका सीनियर कम्युनिटीत त्याने आईबापासाठी दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत. खोल्या छान आहेत. बाथरूममध्ये पाच ठिकाणी दांडे आहेत आणि भिंतीवर लाल बटण आहे. अमेरिकेत लोक एखाद्याची प्रेमाने काळजी घ्यायला लागले, की त्याने समजून जावं, आपली सुटी संपली.

शैलेंद्ररावांचा गुन्हा एवढाच, की हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या घरी गाडी मागे घेताना त्यांनी शेजाऱ्याची मेलबॉक्स पाडली. त्या दिवसापासून मिहीर चावी मागत होता आणि शैलेंद्रराव देत नव्हते. ती गाडी गेली, तर त्यांच्या मित्राला, श्रीरामला, डायलिसिसला कोण नेणार, हा प्रश्न होता. श्रीरामचा मुलगा सिॲटलला असतो आणि रोज व्हिडिओवर "हाऊ आर यू डॅड" विचारतो. व्हिडिओवरून कुणाला डायलिसिसला नेता येत नाही.

म्हणून डील झालं. मिहीरच्या कॉन्फरन्सच्या निमित्ताने तिघं सॅन फ्रान्सिस्कोला आले होते. समोर भाड्याने घेतलेल्या दोन पिवळ्या कार्ट उभ्या होत्या. तीन चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, दोन माणसं बसतील एवढी जागा आणि जमिनीपासून वीतभर उंची. रिक्षा बाळंत होऊन ही पिल्लं झाली असावीत, असं त्यांचं रूप होतं. शिवाय ती बोलायची. कुठे वळायचं ते सांगायची, प्रेक्षणीय स्थळांची माहिती द्यायची आणि मध्येच विनोद करून स्वतःच हसायची.

"हेल्मेटमध्ये माझा अंबाडा बसत नाही," सरलाबाई म्हणाल्या.

"मग अंबाडा सोड," शैलेंद्रराव म्हणाले.

"लग्नाला पन्नास वर्षं झाली, आता केस मोकळे सोडून फिरवा मला."

त्यांनी सोडला. पुढच्या कार्टमध्ये नवराबायको, मागच्या कार्टमध्ये एकटा मिहीर, असे ते निघाले. मिहीर कान टवकारून इन्सिडंटची वाट बघत होता.

इन्सिडंट झाला नाही. शैलेंद्ररावांनी ती कार्ट अशी चालवली की ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी फोटो काढून लावावा. लोंबार्ड स्ट्रीटची नागमोडी वळणं त्यांनी एकाही फुलझाडाला धक्का न लावता उतरली. स्टॉप साइनला ते असे थांबायचे, की मागचा मिहीर ब्रेक मारून शिव्या द्यायचा. केबल कारला त्यांनी हात दाखवून वाट दिली. उलट मिहीरलाच दोन टॅक्सीवाल्यांनी हॉर्न मारला आणि एका सायकलवाल्याने मधलं बोट दाखवलं.

"अहो, हळू. जीव घ्याल माझा," सरलाबाई प्रत्येक उताराला म्हणत होत्या.

बंदराजवळ गाडी आनंदाने किंचाळली, "वेलकम टु फ्रिस्को." सॅन फ्रान्सिस्कोला चिडवायला लोक फ्रिस्को म्हणतात, असं ती पुढे सांगणार होती, पण सरलाबाईंनी तेवढं ऐकलंच नाही. त्यांनी नवऱ्याचा दंड धरला.

"अहो, फ्रिस्को म्हणाली. आणलंच की हो कार्ट्याने फसवून."

"अगं, ते फ्रिस्को टेक्सासात. इथे समुद्र आहे, दिसत नाही का?"

"समुद्र काय, टेक्सासातही असेल एखादा."

गोल्डन गेट पुलाशी पोचेपर्यंत शैलेंद्रराव जिंकल्यातच जमा होते. त्यांनी कार्ट दोन रेघांच्या बरोबर मध्ये लावली. मिहीरची एका रेघेवर होती. त्याला तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि तो पाठ करून बोलत उभा राहिला.

सरलाबाईंनी पर्समधून एक क्वार्टर काढला. "माझे गुडघे काही पुलावर येत नाहीत. तुम्ही जा आणि एवढा पाण्यात टाका. पुलावरून जाताना पाण्याला काहीतरी द्यावं."

अख्खी हयात अमेरिकेत गेली तरी डेलावेअर नदी ओलांडताना ही बाई काच खाली करून नाणं फेकते. शैलेंद्रराव चालत पुलावर गेले. धुकं होतं. त्यांनी कठड्यावरून नाणं सोडलं आणि खाली बघितलं.

पुलाखाली आता पोलादी जाळी बसवली आहे. इथे जीव द्यायला येणारे कमी नाहीत, म्हणून ती. नाणं जाळीतून पार गेलं की अडकलं, हे शैलेंद्ररावांना दिसेना, म्हणून ते वाकले. आणि मग त्यांना जाळीला धरून ठेवणारे ब्रॅकेट दिसले. न्यू जर्सीत त्यांनी आयुष्यभर पुलांची तपासणी केली होती. अशा माणसाला ब्रॅकेट दाखवणं म्हणजे मांजराला मासा दाखवणं. ते आणखी वाकले. कठड्याच्या खालच्या पट्टीवर त्यांनी एक पाय ठेवला.

"गुड आफ्टरनून, सर. कसं वाटतंय आज?"

सायकलवर गस्त घालणारा एक तरुण पोलीस शेजारी उभा होता. आवाज मऊ, चेहऱ्यावर हसू. शैलेंद्ररावांना बरं वाटलं. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याशी न ओरडता बोलत होतं. त्यांनी खाली बोट दाखवून इंग्रजीत, अगदी जिव्हाळ्याने विचारलं, "इथून माणसाने उडी मारली तर ही जाळी त्याला धरते का? की माझ्या वजनाचा असेल तर पार जातो?"

पोलिसाचं हसू होतं तिथेच राहिलं. फक्त त्याचा एक हात शैलेंद्ररावांच्या कोपराला आला आणि दुसरा खांद्यावरच्या वायरलेसला.

मिहीर धावत आला तेव्हा आणखी दोन पोलीस जमले होते. "बाबा, व्हॉट आर यू डुइंग?"

"काही नाही रे. मरू दे. चल, जाऊ दे मला."

"काय म्हणाले ते?" पोलिसाने विचारलं.

मिहीरचा चेहरा पांढरा पडला. त्याची मराठी पाचवीतल्या मुलाची होती. मरणं म्हणजे काय आणि दे म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं. त्याने बेरीज केली. "ही सेज... लेट मी डाय. लेट मी गो."

"अरे गाढवा, काय सांगतोयस त्यांना? तुझ्यापायी जीव नकोसा झालाय मला."

"ही डझन्ट वॉन्ट हिज लाइफ," मिहीर म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "बिकॉज ऑफ मी."

तेवढ्यात मोकळ्या केसांच्या सरलाबाई गुडघे धरत धरत येऊन पोचल्या. "काय हो, नाणं टाकायला सांगितलं तर तुम्ही जीव द्यायला निघालात की काय?"

पोलिसाने पुन्हा मिहीरकडे बघितलं. मिहीर हुंदका देत म्हणाला, "माय मॉम इज आस्किंग इफ ही केम हिअर टु गिव्ह हिज लाइफ."

म्हणजे बायकोलाही आधीपासून शंका होती. पोलिसाने ते लिहून घेतलं.

सगळे फार चांगले वागले. हेच तर भयंकर होतं. कुणी हात पिरगाळला असता, तर भांडता आलं असतं. "यू आर सेफ नाऊ, सर," असं म्हणत म्हणत त्यांनी शैलेंद्ररावांना हॉस्पिटलात नेलं, बुटाच्या नाड्या आणि पट्टा काढून घेतला आणि एका खोलीत बसवलं. खोलीत खुर्ची जमिनीला ठोकलेली होती. बहात्तर तासांपर्यंत ठेवता येतं, असं एका नर्सने हळुवारपणे सांगितलं. छत्तीस पुलांना पास-नापास केलेला माणूस एका हाताने पँट धरून बसला. शेजारच्या खोलीत कुणीतरी रडत होतं, ते खरं रडणं होतं. शैलेंद्ररावांना त्या माणसाची जागा अडवल्याची लाज वाटली.

इंग्रजीत तोंड उघडलं आणि इथे आलो, एवढं त्यांना कळलं होतं. डॉक्टर आली तेव्हा ते म्हणाले, "नो इंग्लिश. मराठी."

मग टेबलावरच्या फोनमधून दुभाषी बाईंचा आवाज आला. बाई कुठल्याशा मॉरिसव्हिल गावाहून बोलत होत्या. नाव शैला. दुभाष्याने स्वतःचं काही बोलायचं नसतं, पण त्यांनी आधी विचारलं, "काका, काही खाल्लंत का?"

शैलेंद्ररावांनी फोन जवळ ओढला. सकाळपासून हे कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरने विचारलं, मरू दे म्हणालात ते का? शैलाबाईंनी ते विचारायच्या ऐवजी डॉक्टरलाच समजावलं. मरू दे म्हणजे सोडून द्या. आमच्याकडे दूध उतू गेलं तरी मरू दे म्हणतात. जीव नकोसा होणं म्हणजे कंटाळा येणं. कपडे वाळत घालतानाही होतो. डॉक्टरची पेन्सिल थांबली.

"सकाळी उठू नये, असं कधी वाटतं का?" तिने विचारलं. शैलाबाईंनी हे मात्र जसंच्या तसं मराठीत विचारलं.

शैलेंद्ररावांनी पँट सावरली. "उठून काय करायचं, असं वाटतं. रोज वाटतं. पण श्रीरामला डायलिसिसला न्यायचं असतं. गाडी काढायची असते. मग उठतो. ती चावी गेली, तर मग तुम्ही हा प्रश्न परत विचारा."

 मग शैलाबाईंनी त्याचं भाषांतर केलं आणि एकही शब्द सोडला नाही. डॉक्टरने त्यांना सोडायच्या कागदावर सही केली.

शैलेंद्रराव बाहेर आले तेव्हा सरलाबाई खुर्चीवर बसून होत्या आणि मिहीर काउंटरपाशी बायकोला फोन करत होता. दोन्ही कार्ट अजून पुलापाशी होत्या, कंपनीचा माणूस चिडला होता, मिहीरचं दुपारचं प्रेझेंटेशन बुडालं होतं. तो कपाळ भिंतीवर आपटत म्हणत होता, "अनन्या, आय ॲम सो डेड. जस्ट शूट मी. आय शुड हॅव जम्प्ड ऑफ दॅट ब्रिज मायसेल्फ."

नर्सने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं.

"सर, फोन ठेवता का? आपण जरा बोलू या."

"नो, नो, इट्स जस्ट ॲन एक्स्प्रेशन."

"अर्थातच. या इकडे. यू आर सेफ नाऊ."

तिने ट्रे पुढे केला. त्यातली शैलेंद्ररावांच्या पट्ट्याची आणि नाड्यांची पिशवी त्यांना दिली आणि दुसरी कोरी पिशवी मिहीरसाठी उघडली. मिहीरने वळून बापाकडे बघितलं. तिच्या कागदात शैलेंद्ररावांना इंग्रजी येत नव्हतं. पण मिहीरला तर माहीत होतं, की बापाने याच इंग्रजीवर नोकरी करून त्याला कॉलेज शिकवलं होतं.

"बाबा, सांग ना तिला," तो कळवळून म्हणाला. "प्लीज. मेलो मी."

नर्सने शैलेंद्ररावांकडे पाहिलं. "काय म्हणतोय तो?"

शैलेंद्ररावांनी पट्टा घालून बक्कल लावलं. मग एकेक शब्द नीट जुळवत, अगदी प्रामाणिकपणे भाषांतर केलं.

"ही सेज, ही इज डेड."

टॅक्सीने नवराबायको पुलापाशी परत आले. मिहीरची कार्ट रेघेवर होती आणि तिच्यावर दंडाचं पाकीट अडकवलेलं होतं. त्यांच्या कार्टला काही झालेलं नव्हतं. सरलाबाई आत बसल्या.

"अहो, पोराला असं टाकून जायचं?"

"मला सोडलं, त्यालाही सोडतील. काही खाल्लंस का, असं त्याला विचारणारं कुणी भेटलं, तर लवकर सोडतील."

"आणि डील?"

"गाडी जरा फिरवून परत देऊ या. नो इन्सिडंट. इन्सिडंट त्याचा झालाय."

त्यांनी चावी फिरवली. कार्ट जागी झाली, "आय मिस्ड यू," म्हणाली आणि उजवीकडे वळून शहरात परत जायला सांगू लागली. शैलेंद्ररावांनी आरशात बघितलं, सिग्नल दिला आणि डावीकडे, समुद्राच्या बाजूला वळवली. गाडी ओरडायला लागली. रस्ता चुकलात. रस्ता चुकलात. मागे फिरा.

"अहो, ती काहीतरी सांगतेय," सरलाबाई म्हणाल्या.

"मरू दे," शैलेंद्रराव म्हणाले.