दारावरच्या हाराचा तपास

अर्खेदीकोस स्वतःला अख्ख्या अथेन्समधला एकमेव ‘स्केप्टिकोस’ तपासनीस म्हणवून घेई. भेटेल त्याला तो या शब्दाचं मूळ ऐकवी, निरखून पाहणं. “लोक बघतात आणि ठरवून मोकळे होतात. मी निरखतो आणि निकाल आवरून धरतो.” पाच वर्षांत त्याने सोळा प्रकरणं निरखली होती. सोळाही निकाल अजून आवरून धरलेले होते.

सतरावं प्रकरण घरातच घडलं. बाळाचा दहावा दिवस. संध्याकाळी पाहुण्यांसमोर बापाने मूल आपलं म्हणायचं, नाव ठेवायचं. साक्षीदारच नसले तर उद्या हा नागरिकाचा मुलगा असं सांगणार कोण? तोवर बाळाला काही होऊ नये, या धास्तीने अर्खेदीकोसची बायको फानो सकाळपासून पाळण्याशी बसून बाळाचा श्वास चालू आहे ना ते बघत होती. आणि मुलगा झाल्याची खूण म्हणून दाराला बांधलेला ऑलिव्हचा हार नेमका आजच गायब झाला.

अर्खेदीकोस बाहेर तपासाला लागला. हार शेजारच्या कुंभाराने नेला असावा, कारण तो नजर चुकवत होता. किंवा नसावा, कारण अर्खेदीकोस दिसला की सगळेच नजर चुकवत. वाऱ्याचाही संशय होता. हार मुळात होता का, इथवर तपास पोचला, तोच बित्तोमावशी डोळे पुसत आत आली आणि फानोच्या गळ्यात पडली.

“हार उतरलेला बघितला आणि काळजात धस्स झालं गं. तुझ्या नवऱ्याला विचारलं, बाळ आहे ना रे? तर म्हणतो, ठाम सांगता येणार नाही.”

बाळाने जांभई दिली. मावशी मटकन खाली बसली. मग म्हणाली, पाहुण्यांनाही हेच उत्तर मिळालंय, निघालेत सगळे माघारी.

फानो बाळाला उचलून दाराकडे धावली. नवरा उंबऱ्यावरची धूळ निरखत होता.

“अहो, डोक्यावर काय आहे ते?”

त्याने चाचपलं. काल रात्री मेजवानीहून येताना, तिथे डोक्यावर घातलेला हार दारात अडकला असं वाटलं, म्हणून दारावरून काढून परत डोक्यावर घातला, म्हणाला. “लागतोय ऑलिव्हसारखा. पण हाच तो, असं...”

फानोने हार ओढून दाराला बांधला. त्या धसमुसळेपणाने बाळाने असा टाहो फोडला, की कोपऱ्यावर गेलेले पाहुणे परत फिरले.

तिने मूल नवऱ्याच्या हातात दिलं. “सांगा आता. कोणाचं?”

अर्खेदीकोस निरखू लागला. बाळाने रडं थांबवून एक डोळा उघडला, कपाळाला आठ्या घालून बापाला बराच वेळ न्याहाळलं, आणि काहीच मत न देता डोळा मिटला.

“माझं,” अर्खेदीकोस म्हणाला. “यात शंकाच नाही.”