गंगाधरभाऊंची चाळणी

आदिलाबादच्या भर बाजारात गंगाधरभाऊंनी कटलरीच्या दुकानदाराकडून स्टूल मागून घेतलं, त्यावर चढले आणि त्याच्याच पाटीवरचा कंस खडूनं बंद केला. 'होलसेल व रिटेल' हे शब्द कंसात होते. पेंटरनं कंस उघडला आणि बंद करायचा विसरला. दुकानदार आधी हसला, मग भडकला. भाऊ खाली उतरून उलट त्यालाच रागावले, "उघडलं त लावन कोन जी?" मी जरा लांब उभी राहून, हे गृहस्थ आपल्या ओळखीचेच नाहीत अशा चेहऱ्यानं बांगड्या बघत होते. हा माणूस रोज माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. आणि गावात चिडकी म्हणून नाव कुणाचं? माझं!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. राजन्नांनी मेडिकलच्या दुकानावर, माडीवर, कॉम्प्युटरचं ऑफिस काढलं होतं. राजन्ना आमच्याशी हिंदी बोलत, संतापले की तेलुगु. कापसाच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही इंटरनेटवरची पानं तयार करत होतो. जैनथला काय भाव, तलमडुगूला काय भाव, गुडीहत्नूरला आवक कशी, असं सगळं. काम करणारे तिघे. मी, सुरेश आणि भाऊ. भाऊ मूळचे जैनथचे, नागपूरला कोर्स करून आलेले, चाळिशी ओलांडलेले. लग्न झालेलं नव्हतं. ऑफिसच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहायचे.

त्या पानांची एक रीत असते. अक्षरं ठळक करायची तर आधी एक खूण टाकून ठळकपणा सुरू करायचा, आणि काम झालं की दुसरी खूण टाकून तो बंद करायचा. बंद करायचं राहिलं तरी बऱ्याचदा पडद्यावर पान ठीकच दिसतं. हे 'ठीकच दिसतं' भाऊंच्या डोक्यात जायचं. ते पाठीमागे येऊन उभे राहायचे. भाजीच्या तेलाचं बोट माझ्या पडद्यावर टेकवायचे.

"ताई, हे काऊन उघडं?"

"भाऊ, दिसतंय ना नीट?"

"दिसून राह्यलं मनून काय झालं? दार नसलं तरी घर दिसतेच नं जी!"

मग मी निमूट दुरुस्त करायची आणि पदरानं पडद्यावरचं तेल पुसायची. हे रोजचंच होतं. माणूस काम करताना पाठीमागे कुणी श्वास घेत उभं राहिलं तर साधं नावसुद्धा चुकीचं लिहिलं जातं. पण हे भाऊंना सांगणार कोण?

सुरेशनं सांगितलं. पण तेही उशिरा, व्हायचं ते होऊन गेल्यावर. त्याला बघायला गुडीहत्नूरचे पाहुणे ऑफिसात आले होते. मुलगा कॉम्प्युटरवर बसतो म्हणून मुलीचे वडील आणि मामा भलतेच खूश होते. सुरेशनं नवा शर्ट घातला होता. मी चहा मागवला. पाहुणे पडद्याकडे देवदर्शनासारखे बघत असताना मागून भाऊंचा आवाज आला, "पोरगा हुशार हाये, पाव्हने. पन एक खोड हाये त्याले. उघडते सारं, लावत काईच नाई."

मामांनी कप खाली ठेवला. मुलीच्या वडिलांनी सुरेशच्या नव्या शर्टाच्या गुंड्यांकडे पाहिलं. मी घाईनं सांगायला गेले, "अहो, ते कामातल्या खुणांबद्दल बोलताहेत." पण कुठल्या खुणा, हे समजावताना माझीच बोबडी वळली. पाहुणे निघून गेले ते गेलेच. सुरेश भाऊंना एवढंच म्हणाला, "आजपासून माझ्याशी बोलायचं नाही." आणि त्यानं आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

भाऊ गप्प झाले. अगदी गप्प. माझ्यामागेही यायचे थांबले. आपल्या जागेवर बसून दिवसभर काहीतरी लिहायचे. मला वाटलं, चला, सुटलो. पण कसलं आलंय सुटणं!

दिवसभरात झालेली सगळी पानं गोळा करून, एकत्र बांधून पुढे पाठवायला आमच्याकडे एक आदेश होता. त्याला आम्ही गाठोडं म्हणायचो. एक शब्द टाइप केला की गाठोडं तयार. भाऊंनी काय केलं, तर त्या गाठोड्याच्या तोंडाशी स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम बसवला. त्याचं नाव चाळणी. प्रत्येक पान आधी चाळणीतून जायचं. कुठे एक खूण उघडी राहिली की गाठोडं जागच्या जागी थांबायचं आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या बोलीत, उमटायचं, 'काऊन जी?' खाली पानाचं नाव आणि ओळीचा नंबर.

म्हणजे पूर्वी हा माणूस निदान जेवायला तरी उठायचा. चाळणीला तर भूकच नाही! आणि नुसत्या खुणांवर भागलं असतं तर मी एवढी बोललेच नसते. भाऊंनी तिच्यात रोज नवे नियम घातले. ओळीच्या शेवटी मोकळी जागा सोडली, काऊन जी? समासात ओळ जराशी सरकली, काऊन जी? मोकळी जागा कुणाला दिसते तरी का? घरी आईनं "भाजीत मीठ जास्त काऊन?" विचारलं तरी मी तिच्या अंगावर धावून जायला लागले. मला पक्कं वाटत होतं, की सुरेशनं बोलणं टाकलं त्याचा सूड हा माणूस आम्हा दोघांवर उगवतोय.

शेवटी तो दिवस आला. व्यापारी मंडळी आमच्या पानांच्या उद्घाटनाला येणार होती. हार आले, पेढे आले, खालून खुर्च्या आल्या. जिन्यात चपला वाजायला लागल्या तशी मी शेवटचं गाठोडं बांधायला घेतलं. पडद्यावर आलं, 'काऊन जी?' पान माझं. चूक काय, तर एका ओळीच्या शेवटी मोकळी जागा.

"भाऊ!" मी ओरडलेच. "माणसं जिन्यात आहेत आणि तुमचं हे यंत्र रिकाम्या जागेवर अडून बसलंय! तुम्हाला आमचा एवढा राग आहे, तर तोंडानं बोला ना!"

राजन्ना हातातला हार तसाच घेऊन धावत आले. "क्या हुआ? फिर वो चाळणी? तीसेय! वेंटने तीसेय! अभी के अभी निकालो वो!"

भाऊ उठले. मला वाटलं, आता भांडतील. पण ते राजन्नांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

"अन्ना, ते नका काढू," ते म्हणाले. "ते काढलं त मले पुन्हा बोला लागन."

"तो बोलो ना! बोलने में क्या है?"

"मी बोललो का मानूस तुटते, अन्ना. सख्खा भाऊ बोलत नाई माह्याशी. त्याच्या भल्याचंच सांगाले गेलो व्हतो, पन चार लोकाईत सांगतलं. सुरेशचं असं झालं. आता ह्या ताई राह्यल्या." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मले चूक दिसली का राहवत नाई. म्हून म्या मशीनले शिकवलं. तुमी मशीनवर चिडा, शिव्या द्या. माह्याशी बोलत राहा, बस."

राजन्नांनी हातातला हार टेबलावर ठेवला. बहुतेक त्यांना सगळी बोली कळली नसावी, पण चेहरा कळला. मी त्या ओळीच्या शेवटची मोकळी जागा पुसली आणि पुन्हा आदेश दिला. गाठोडं बांधलं गेलं. तोवर व्यापारी आत आले होते. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. भाऊ मागे, दाराला टेकून उभे होते.

पेढे वाटून झाल्यावर भिंतीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुरेशनं ती फिरवली होती. शेजारचं स्टूल पायानं पुढे ढकलत तो भाऊंकडे न बघताच म्हणाला, "भाऊ, उभे काऊन? बसा नं. चा येऊन राह्यला."

भाऊ बसले.