पट्टीवरचा जांभळा डाग

"आठ दिवस द्या! साध्या वायूंपासून सजीवांचा कच्चा माल करून दाखवतो!" ठिणगी सरांनी प्राचार्यबाईंच्या टेबलावर मूठ आपटली.

बाईंनी कलंडणारा पाण्याचा पेला सावरला. "जमलं तर प्रयोगशाळा राहील. नाहीतर सोमवारी कुलूप."

सर तिथं एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होते आणि बायको गेल्यापासून घरी फक्त झोपायला जात होते. इथंही कुलूप लागलं तर माणसानं जायचं कुठं?

मग काय, चंबूत पाणी उकळू लागलं. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आत गेले, ठिणग्या तडतडल्या. आठव्या दिवशी पाणी चहासारखं तपकिरी! सरांनी कपाटातून गाळणकागदाच्या पट्ट्यांचं जुनं पाकीट काढलं. चिमट्यानं एक पट्टी धरून टोकाला थेंब टाकला, औषध फवारलं, पट्टी गरम केली. अमिनो आम्लं असली की या औषधानं जांभळा रंग येतो. आणि आला की हो!

"आलं! जीवन आलं!" सर जिन्यातूनच ओरडले.

कारकून हजेरीपट घेऊन धावत आले. "कोण जीवन? आणि ही काय यायची वेळ झाली?"

मागोमाग बाईही प्रयोगशाळेत आल्या आणि पट्टी बघायला त्यांनी चष्मा लावला. "सर, थेंब टोकाला टाकलात ना? डाग तर मधोमध आहे, टोक कोरंच."

सरांनी घाईघाईनं कोरी पट्टी फवारून गरम केली. जांभळी! तिसरीही जांभळी!

"अहो, हा अंगठा आहे. रेघा बघा," बाई म्हणाल्या.

सर मटकन बसले. घामातही तीच आम्लं असतात! "उघड्या हातानं पट्ट्या कोणी हाताळल्या? कोण तो गाढव?"

कारकुनांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

सरांनी पट्टी खिडकीशी धरली. अंगठ्याच्या ठशावर एक तिरकी पांढरी रेघ होती. सुरीनं कापल्याची जुनी खूण. बायकोच्या अंगठ्यावरची ती खूण सरांनी लगेच ओळखली. तीन वर्षांपूर्वी, आजारी पडायच्या आधी, तिनंच जेवणाच्या टेबलाशी बसून हे पाकीटभर कागद कापून दिले होते.

"मग प्रयोग फसला, असं लिहू?" बाईंनी हळूच विचारलं.

"लिहा."

उजेडात हा रंग विटतो. सरांनी पट्टी अलगद खिशात ठेवली. त्यांना रडू आवरत नव्हतं.

"दहादा सांगितलं होतं तिला, हातमोजे घाल म्हणून. एकदा म्हणून ऐकलं नाही हो माझं!"