शिंगवाली सायकल

सायकलच्या हँडलवर ती दोन शिंगं बसवायला घड्याळजींना वीस मिनिटं लागली. त्या शिंगांवर टेकून सायकल सरळ चालवायला मात्र तीन आठवडे झाले तरी जमत नव्हतं. शर्यतीच्या सायकलींना असतं तसलं ते हवा कापणारं हँडल. कोपरं दोन गाद्यांवर टेकवायची, हात पुढे करून दांड्या धरायच्या, पाठ वाकवायची आणि सुसाट सुटायचं. घड्याळजी सुटत होते, पण रस्त्याच्या डाव्या कडेकडून उजव्या कडेकडे.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण ज्या हातांवर माणसाचं पोट चालतं, तेच हात भर रस्त्यात लटपटायला लागले तर लोक काय म्हणणार? केसासारखी स्प्रिंग चिमट्याने बसवण्यात या माणसाची तीस वर्षं गेली होती. सोमवारी बेकरीवाला आला आणि उगाच घसा खाकरत म्हणाला, "माझं घड्याळ झालं नसेल तर राहू द्या. घाई नाही. म्हणजे... परतच द्या."

"का हो? काय झालं?"

"काही नाही. तुम्ही जरा तब्येतीला जपा."

बुधवारपर्यंत आणखी चार घड्याळं परत गेली. गुरुवारी निवृत्त मुख्याध्यापिका आल्या आणि घड्याळजींचा धीरच सुटला. अर्ध्या गावाला घड्याळ वाचायला बाईंनीच शिकवलं होतं. त्यांनी पाठ फिरवली की दुकान बसलंच म्हणायचं. दुरुस्तीला टाकलेलं आपल्या वडिलांचं लंबकाचं घड्याळ बाईंनी लेकरासारखं कडेवर घेतलं. "काल तळ्याच्या रस्त्यावर पाहिलं तुम्हाला. हे सध्या माझ्याकडेच बरं."

"बाई, हात ठणठणीत आहेत माझे! ते हँडलच तसलं आहे."

"असेल," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

"काढून टाका ना ते हँडल," घरी बायको म्हणाली.

"आता काढलं तर लोक म्हणतील, हात खरंच गेला याचा. आता त्याच्यावरच सरळ चालवून दाखवायला हवं."

बायको अठरा वर्षं सिटी बस चालवत होती. शुक्रवारी सकाळी कामावर जाण्याआधी ती तळ्याकाठी उभी राहिली आणि नवऱ्याच्या दोन फेऱ्या बघून तिने कपाळाला हात लावला.

"अहो, थांबा! बघताय कुठे तुम्ही?"

"चाकाकडे. जरा हललं की लगेच सावरतो."

"आणि सावरलं की परत हलतंय! तिथे काय घड्याळ उघडून ठेवलंय? लांब बघा, त्या पाण्याच्या टाकीकडे. खांदे सैल सोडा, भार कोपरांवर टाका. आणि त्या दांड्यांचा गळा कशाला आवळताय?"

घड्याळजींचा आजवरचा सगळा संसार नाकापासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी मोठ्या कष्टाने नजर उचलून टाकीवर टेकवली. सायकल शहाण्यासारखी सरळ चालू लागली. घड्याळजींना इतका आनंद झाला की ते मोठ्याने ओरडले, आणि तळ्यातली बदकं पांगली.

शनिवारी बाईंच्या फिरण्याची वेळ साधून ते निघाले. पट्टीने रेघ मारावी तसे बाईंच्या शेजारून गेले.

"वा! छान! थांबा जरा!" बाईंनी हाक मारली.

थांबायचं कसं, हा धडा मात्र राहिला होता. ब्रेक होते जुन्या हँडलवर, आणि तिथे पोचायचं तर एक हात दांडीवरून सोडायला हवा. तो सुटेना. बाई मागे पडल्या, टाकी आली, टाकी गेली. शेवटी चढ लागला, सायकल दमली आणि घड्याळजींना घेऊन अलगद झुडपात आडवी झाली.

डोक्यातला पाला झटकत ते दुकानाशी पोचले, तर घड्याळ कडेवर घेऊन बाई हजर. मागे बेकरीवालाही.

"पटलं ना बाई? हात स्थिर आहे माझा."

"हाताबद्दल मला कधी शंकाच नव्हती. तुम्ही पडून हात मोडून घेणार आणि माझं घड्याळ सहा महिने उघडं पडून राहणार, म्हणून नेलं होतं. आज तर दिसलंच, थांबताही येत नाही तुम्हाला." बाईंनी घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि वर्गात गोट्या-शिट्ट्या मागून घ्यायच्या तसा हात पुढे केला. "माझं घड्याळ होईपर्यंत सायकल जप्त. आणा किल्ली."

घड्याळजींनी मुकाट्याने किल्ली दिली. बेकरीवाल्याने सवयीने हात मागे बांधले. तोही बाईंच्याच वर्गातला.

दोघांनी दारातून वाकून पाहिलं. बाईंनी सायकलवर बसून कोपरं गाद्यांवर टेकवली आणि त्या रस्त्याने तीरासारख्या सरळ सुटल्या. कोपऱ्यावर एका हाताने ब्रेक दाबला, दुसऱ्या हाताने वळण्याची खूण केली आणि दिसेनाशा झाल्या.

"माझंही ठेवून घ्या," बेकरीवाल्याने मनगटावरचं घड्याळ काढलं.

"ते सोमवारी. आधी बाईंचं," म्हणत घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि जेवायलाही न उठता काम संपवलं. पाचला घड्याळ टोले द्यायला लागलं. बाईंना तसा लगेच निरोपही गेला.

बाई मात्र घड्याळ न्यायला पुढचे बारा दिवस आल्याच नाहीत.