व्याह्यांकडचं सफरचंद

मला गप्प बसता येत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांचं ठाम मत आहे. ते साफ चूक आहे. मी एकदा परक्यांच्या घरी, भर दिवाणखान्यात, माझ्या धंद्याला नावं ठेवली जात असताना चकार शब्द न काढता बसलो होतो. त्यापायी शेवटी डॉक्टर बोलवावा लागला, ही गोष्ट वेगळी.

माझा धंदा लोकांना मोटार चालवायला शिकवण्याचा. या धंद्यात शिकवणाऱ्याचं तोंड बंद झालं की गाडी खांबावर चढते. दिवसभर 'क्लच दाबा, अहो क्लच, तो ब्रेक आहे' असं ओरडून घरी आलो की तोंडाचं इंजिन लगेच थंड होत नाही. म्हणूनच लेकीनं पसंत केलेल्या मुलाच्या आईवडिलांना भेटायला जायचं ठरलं, तेव्हा बायकोनं मला चांगलंच बजावलं. मुलाचे वडील निवृत्त न्यायाधीश. तेव्हा विचारलं तरच बोलायचं, आणि जेवढं विचारलं त्याच्या निम्मंच बोलायचं. लेक फक्त "बाबा, प्लीज" एवढंच म्हणाली. बायकोच्या भाषणापेक्षा ते दोन शब्द मला जास्त लागले. मी मनाशी पक्कं ठरवलं, आज जिभेला हँडब्रेक.

त्या गडबडीत दुपारचं जेवण राहिलं. तिकडे आग्रह होणारच, मग इथे कशाला पोट भरता, असा बायकोचा हिशेब होता.

न्यायाधीशांचा दिवाणखाना इतका लख्ख, की पाय कुठे ठेवावेत हा प्रश्न पडावा. मधल्या टेबलावर काचेच्या मोठ्या भांड्यात फळं रचलेली. तांबूस सफरचंदं, पिवळे पेअर, द्राक्षांचा एक घोस. मुलाच्या आईनं आमचं हसून स्वागत केलं आणि त्या सगळ्यांना गच्चीवरची झाडं दाखवायला घेऊन गेल्या. मी गुडघ्याचं निमित्त सांगून खालीच राहिलो. गुडघा उत्तम होता. पण झाडं बघताना मी बोललो असतो.

आता खोलीत मी, माझी भूक आणि ती फळं. पाहुण्यांसमोर ठेवलेलं फळ पाहुण्यांसाठीच असतं, हे कुठलंही कोर्ट मान्य करेल. मी वरचं सफरचंद उचललं आणि कचकन चावा घेतला.

कचकन आवाज काही आला नाही. दात लोण्यात शिरावेत तसे आत गेले, आणि तोंडात मेणबत्तीची चव पसरली. सफरचंद मेणाचं होतं! त्यातून दिवस उन्हाळ्याचे, मेण अगदी मऊ पडलेलं. मी घाईनं सफरचंद तोंडातून ओढलं. सफरचंद बाहेर आलं, आणि त्याच्याबरोबर माझे दातही.

सांगायला हवं, की माझे समोरचे वरचे चार दात माझे नव्हेत. एका शिकाऊ बाईंनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा मूळचे गेले, आणि त्या जागी दंतवैद्यानं काढता-घालता येणारी पट्टी बसवली. ती पट्टी आता सफरचंदात रुतली होती. मी नखानं उचकटून पाहिली, हलेना. इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. मी सफरचंद भांड्यात ठेवलं, दातांची बाजू खाली करून, आणि ओठ घट्ट मिटून ताठ बसलो.

सगळे येऊन बसले. चहा आला, बिस्किटं आली. मी बिस्किटांकडे नुसतं पाहिलं. न्यायाधीशसाहेबांनी मला प्रवास कसा झाला विचारलं, मी मान हलवली. घर सापडायला त्रास नाही ना झाला? मी आडवी मान हलवली. आयुष्यभर वकिलांची लांबण ऐकलेला तो माणूस माझ्यावर फारच खूश झालेला दिसला. आपल्या बायकोला म्हणाला, मोजकं बोलणारी माणसं आता राहिली नाहीत. माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर तर असा अभिमान, की लग्नाच्या दिवशीसुद्धा मी तो पाहिला नव्हता.

पण मान हलवण्यात एक धोका असतो. साहेबांचं म्हणणं पडलं, की लग्न साधं व्हावं, अगदी घरची माणसं, दोन्हीकडचे आईवडील आणि भावंडं, बस्स. तुमचं काय मत? मी होकाराची मान हलवली. त्या एका मानेत माझ्या बायकोच्या सगळ्या मावश्या, मावसबहिणी आणि त्यांचे नवरे लग्नातून बाहेर पडले. तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान मावळला. तिनं मला कोपरानं ढोसलं. मी पुन्हा मान हलवली.

मग विषय रस्त्यांवर गेला. साहेब म्हणाले, की त्यांच्यासमोर अपघाताचे जितके खटले आले, त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट होती, या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना शिकवताच येत नाही. म्हणजे तुमचा अपवाद सोडून, असं ते घाईनं म्हणाले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. लेकीनं डोळे मिटून घेतले. बायकोनं हातातला कप खाली ठेवला. दोघी माझ्या स्फोटाची वाट बघत होत्या.

मी मान हलवली.

बायको उठून माझ्यासमोर आली. तिनं माझा चेहरा निरखून पाहिला. "अहो, जरा हसून दाखवा."

हसणं तर शक्यच नव्हतं. मी ओठ आणखी आवळले, त्यामुळे तोंड एका बाजूला ओढलं गेलं असावं. "यांचं तोंड वाकडं झालंय," ती म्हणाली, आणि मटकन खाली बसली. तिच्या काकांना असाच अर्धांगवायूचा झटका आला होता. मग एकच धांदल उडाली. मुलगा धावत वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्या लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि सवयीनं म्हणाल्या, "आऽ करा बघू. शहाणे ना तुम्ही?"

मी मान फिरवली. त्यांनी माझं नाक दाबलं. तोंड उघडलं.

"यांचे समोरचे दात कुठे गेले?"

"सकाळी तर होते," बायको रडतरडत म्हणाली.

मग दात गिळले गेले, असा निष्कर्ष निघाला. ताबडतोब दवाखान्यात न्यायला हवं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि साहेब स्वतः फोन लावायला उठले. आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"थफलचंदात," मी म्हणालो.

जीभही जड झाली म्हणून बायकोनं हंबरडा फोडला. पण लेक माझ्या नजरेच्या रोखानं टेबलाकडे बघत होती. तिनं लहानपणापासून माझी सगळी भाषा ऐकलेली. ती पुढे झाली आणि भांड्यातलं वरचं सफरचंद उचलून उलटं केलं. माझे दात त्यात बसून हसत होते. त्या खोलीत हसणारे तेवढेच.

लेकीचा चेहरा पाहून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मुलाच्या आईनं सफरचंद हातात घेतलं आणि खिडकीशी नेऊन उजेडात निरखून पाहिलं. ती सगळी फळं त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेली होती, हे मला तेव्हा कळलं. आता हे लग्न मोडलं, मी मनात म्हटलं.

"तुम्हाला हे खरं वाटलं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"हातात घेऊनसुद्धा?"

मी पुन्हा मान हलवली. खोटं कशाला बोला?

त्या नवऱ्याकडे वळल्या. "पाहिलंत? इतकी वर्षं म्हणताय ना, तुझी फळं मेणबत्त्यांसारखी दिसतात म्हणून." जन्मभर निकाल देणारे साहेब गालिच्याकडे बघत राहिले.

त्यानंतर त्या बाईंना माझ्यासाठी काय करू आणि काय नको असं झालं. खऱ्या जेवणाचं ताट आलं, ते मी दाढांच्या बळावर संपवलं. त्या खुशीतच बायकोनं आपल्या मावश्या एकेक करून पुन्हा लग्नात घुसवल्या. लेक आणि होणारा जावई स्वयंपाकघरात डोक्याला डोकं लावून, गरम चमच्यानं माझे दात मेणातून सोडवत होते. आतून त्यांचं खुसखुसणं ऐकू येत होतं. चाव्याची खूण मोडू द्यायची नाही, अशी विहीणबाईंची सक्त ताकीद होती. ते सफरचंद आता त्यांच्या काचेच्या कपाटात आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझं नाव सांगून दाखवलं जातं.

लग्न थाटात झालं. आता आम्ही त्यांच्याकडे गेलो, की विहीणबाई मला फळं कापून देतात आणि पहिली फोड स्वतः खाऊन दाखवतात. गेल्या खेपेला मी म्हणालो, एवढं काही नको, मला आता फरक कळतो. त्यांनी लगेच पेअर तसेच अख्खे समोर आणून ठेवले. मी ते बराच वेळ पाहिले, आणि पोट भरलंय म्हणालो. पेअर खरे होते आणि फार गोड होते, असं लेकीनं नंतर फोनवर सांगितलं.