कार्बोरेटरला गारठा बाधतो

आमच्या औंढ्यात संध्याकाळी लोक गुरं घरात घेतात, वाळत घातलेले कपडे घरात घेतात, आणि गेनभाऊ कार्बोरेटर घरात घेतात.

ट्रॅक्टरचे दोन नट सोडवायचे, कार्बोरेटर जुन्या बनियनमध्ये गुंडाळायचा आणि छातीशी धरून ओटा चढायचा, असा त्यांचा रिवाज. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मांजराचं पिल्लू असेल.

"काय आणलंत, गेनभाऊ?"

"कारबुरेटर. भाईर गारठा बाधतो त्याला, मास्तर."

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि गेनभाऊंच्या शेजारी राहतो. या शेजारामुळे माझा विज्ञानावरचा विश्वास अधूनमधून डळमळतो.

गेनभाऊंचा ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी घेतलेला. परदेशी बनावटीचा, पूर्वी रॉकेलवर चालायचा, आता रॉकेल कुठं मिळत नाही म्हणून पेट्रोल पितो. त्याचे सुटे भाग मिळणं कधीच बंद झालं आहे, पण गेनभाऊंना त्याचं काही नाही. कार्बोरेटर म्हणजे काय, हे त्यांनी मला पुस्तकापेक्षा सोपं करून सांगितलं होतं. "पेट्रोल नि हवा कालवून इंजानाला घास भरवतो त्यो. घास लय मोठा झाला की ठसका लागतो. लहान झाला की उपाशी मरतं."

त्यांचा सगळा भरवसा कानावर. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "ऐका की जरा!" मग मीही वाकून ऐकायचो. मला फक्त आवाज ऐकू यायचा. त्यांना त्यात तक्रारी ऐकू यायच्या. गावातले पंप, मिक्सर, माझी स्कूटर, सगळं त्यांनी असंच कानानं तपासलेलं. एकदा मला खोकला झाला होता, तेव्हा लांबूनच म्हणाले, "मास्तर, ह्यो दुसऱ्या शिलिंडरचा हाये. कोरडा मारतोय."

तर या दिवाळीत गेनभाऊंनी कार्बोरेटर पूर्ण खोलून नव्यानं बांधला. आतली बारीक भोकं त्यांनी बैलाच्या शेपटीच्या केसानं साफ केली, कारण तार घातली की भोक मोठं होतं. पॅकिंग लग्नपत्रिकेतून कापलं. कुणाची पत्रिका आली की ते आधी दोन बोटांत धरून तिची जाडी बघतात आणि मग लग्नाला जायचं की नाही ते ठरवतात. एवढं करून सगळं जागच्या जागी बसवलं आणि ट्रॅक्टर बिघडला.

बिघाडही असा चमत्कारिक की विचारू नका. सकाळी एका हँडलात सुरू व्हायचा, ऐटीत शेतात जायचा, आणि अर्ध्या तासानं काळा धूर ओकत, पेट्रोल गाळत बंद पडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठणठणीत.

नेमका याच वेळी लोणावळ्याचा एक बंगलेवाला येऊन गेला. त्याला फाटकाजवळ शोभेला जुना ट्रॅक्टर हवा होता, बॉनेटवर फुलांच्या कुंड्या मांडायला. गेनभाऊ म्हणाले, "कुंड्या ठिवायला आमचं शेणाचं घमेलं दिऊ का?" पण त्यांचा मुलगा दीपक आंबीच्या कारखान्यात कामाला आहे, हिशेबी माणूस. त्यानं घेतलेला नवाकोरा डिझेल ट्रॅक्टर दारात उभा होता आणि दारात दोघांना जागा नव्हती. तो म्हणाला, "आबा, येत्या रविवारी ते पाहुणे परत येत्याल. त्यांच्यादेखत पेंढ्याची भरली ट्रॉली खाचरातनं चढानं दारात आणा. आणली, तर तुमचा ट्रॅक्टर तुमाला. न्हाई आणली, तर जाऊ दे त्याला बंगल्यावर."

"व्हय," गेनभाऊ म्हणाले. एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी तंबाखू मळली आणि खायची विसरले.

मग सुरू झाला आमचा तपास. आमचा म्हणजे त्यांचा. मी पाना धरायचो. खाचरापर्यंत जाऊन यायला तासभर लागे, म्हणजे बरोबर निम्म्या वाटेत गचका. प्लग काढून हुंगून झाला. टाकीतला गाळ काढून झाला. पेट्रोल अडवणारी सुई नळीनं फुंकून पाहिली, ती चोख. मी पत्रिकेच्या पॅकिंगवर संशय घेतला, तर गेनभाऊ दुखावले. "चांगल्या घरची पत्रिका हाये, मास्तर." रोज संध्याकाळी ते कार्बोरेटर घरात नेऊन खोलायचे, एकेक भाग पुसून पाटावर मांडायचे, आणि सकाळी पुन्हा जोडायचे. शुक्रवारपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता. "आयुष्यात पयल्यांदा इंजान बोलतंय नि मला समजंना," म्हणाले.

शनिवारी सकाळी ट्रॅक्टर ओढ्यापाशीच बसला. गेनभाऊंनी तिथंच कार्बोरेटर काढला आणि आम्ही घरी आलो. त्यांनी तो पडवीत खोलला आणि डोकं धरून बसले. हौसामावशी, म्हणजे गेनभाऊंची बायको, आतून आल्या. मावशींना चार वर्षांपासून अजिबात ऐकू येत नाही. कानाचं मशीन लावलं की शिट्टी वाजते, म्हणून ते डब्यात पडून आहे. त्यांनी पाटावरून पितळेचा फ्लोट उचलला. हा कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा. वाटी भरली की तो वर उचलला जातो आणि सुई दाबून पेट्रोल बंद करतो. मावशींना तो कळकट वाटला असावा. भांडी घासायला कढत पाणी काढलेलं होतं, त्यात त्यांनी तो दाबून बुडवला.

आणि ओरडल्या, "अवं, ह्याला बुडबुडं येत्यात!"

आम्ही दोघं धावलो. फ्लोटच्या कडेपासून मोत्यासारखे बारीक बुडबुडे वर येत होते. सुईच्या टोकाएवढं भोक!

मी दरवर्षी नववीला तरंगण्याचा नियम शिकवतो. फळ्यावर आकृती काढतो. आठ दिवस तो डबा माझ्या नाकासमोर पाटावर होता. भोकातून आत पेट्रोल शिरायचं, फ्लोट जड होऊन बुडायचा, पेट्रोल अडवायला कुणी उरायचं नाही आणि इंजिनाला ठसका लागायचा. मग सकाळी तो बरा कसा व्हायचा? कारण गेनभाऊ त्याला मायेनं घरात घेऊन उबेला पाटावर ठेवायचे, आणि आतलं पेट्रोल रातोरात उडून जायचं. आजारी माणूस डॉक्टरसमोर नेमका खणखणीत दिसावा, तशातली गत.

"पण भोक पडलं कसं?" मी विचारलं.

गेनभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "खंडेनवमीला घासतो की."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे विळे, कोयते, पाने पूजेला मांडतात, ते ठीक. पण हा भला माणूस चाळीस वर्षं कार्बोरेटर खोलून आतलं पितळसुद्धा चिंच आणि राख लावून, देवाच्या समईसारखं लख्ख करत होता. घासून घासून पत्रा कागदाएवढा पातळ झाला होता, तो दिवाळीच्या खोलाखोलीत फुटला. मी इतका हसलो की पडवीत खाली बसलो. मावशींना काही ऐकू आलं नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड पाहून त्याही हसायला लागल्या.

वडगावात स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या चाचांनी त्या भोकाला कथलाचा डाग दिला. डागानं फ्लोट किंचित जड झाला, म्हणून सुई दाबणारी त्याची पितळी जीभ गेनभाऊंनी केसाकेसानं वाकवून घेतली. तिसऱ्या खेपेला पातळी जमली.

रविवारी बंगलेवाला पांढरे बूट घालून आला. दीपक घड्याळ बघत उभा. भरली ट्रॉली चढाला लागली, मध्ये एकदा इंजिन घुटमळलं, आणि मग ट्रॅक्टर धडधडत सरळ दारात येऊन उभा राहिला. पांढऱ्या बुटांवर पेंढा उडाला. दीपकनं मुकाट्यानं नवा ट्रॅक्टर मागं घेऊन जागा करून दिली, आणि मला वाटतं, तो हसत होता.

तीन-चार दिवसांनी मी पाना परत द्यायला गेलो. हौसामावशी स्वयंपाकघरात भांड्यांच्या मांडणीला पाठ टेकून तांदूळ निवडत होत्या. अचानक मांडणीवरची ताटं किणकिणू लागली. दूर ओढ्याच्या वळणावर ट्रॅक्टर आला होता. मावशींनी पाठीमागं हात नेऊन तळवा लाकडावर ठेवला. त्यांचा चेहरा उजळला.

"आलं हे," म्हणाल्या, आणि उठून चहाला आधण ठेवलं.

गेनभाऊ पडवीत आल्यावर मी हळूच म्हणालो, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं?" ते पाय धूत म्हणाले. "नवा ट्रॅक्टर दारात आला तरी मांडणीवरलं ताट हालत न्हाई. एकदा त्याच्यावरनं आलो नि तिच्या मागं जाऊन उभा ऱ्हायलो, तर अशी दचकली बिचारी, हातातलं दूध सांडलं. आपल्याच घरात तिनं भ्यावं का, मास्तर?"

मी बाहेर पाहिलं. ट्रॅक्टर अजून चालूच होता.

"इंजिन बंद करायचं राहिलं का?"

"थांबा वाईच," गेनभाऊ म्हणाले, आणि दारातून आत बघत राहिले. मावशी एका हातानं चहा ढवळत होत्या. दुसरा तळवा पुन्हा मांडणीवर होता.