काटेश्वराचं संथ संगीत

एका जंगलात, बाळांनो, काटेश्वर नावाचं एक साळिंदर राहत होतं. सरळ बसा आणि शेजारच्याला चिमटे काढू नका. गोष्ट कलेची आहे.

सहलीला आलेली माणसं एकदा एक पेटी विसरून गेली. उन्हात ठेवली की चालायची. बटण दाबलं की आवाज यायचा. काटेश्वराने शेपटीच्या काट्यांनी चार बटणं दाबली. धप् धप् धप् धप्! थांबेचना.

माकडं नाचू लागली. रानडुकरं नाचू लागली.

"हे काय आहे?" सशाने विचारलं.

"हाउस संगीत."

"हाउस म्हणजे घर ना? मग हे घर पाडल्यासारखं का वाजतं?"

"तुला कळायचं नाही," काटेश्वर म्हणाला. कलावंत झाल्यावर त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

दोन उन्हाळे त्याने सगळं जंगल नाचवलं. मग त्याला नाचणाऱ्यांचीच किळस येऊ लागली. नाचताना कुणी ऐकत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याने धपधप बंद केलं आणि अँबियंट सुरू केलं. अँबियंट म्हणजे एकच सूर. हूंऽऽऽ. सकाळी निघायचा आणि दुपारपर्यंत कुठेच पोचायचा नाही.

माकडं जांभया देत निघून गेली. रानडुकरांना त्यापेक्षा चिखल बरा वाटला. वर्षभर काटेश्वर एका वारुळासमोर वाजवत राहिला. शेवटी वारुळातल्या मुंग्याही दुसरीकडे राहायला गेल्या.

तो खचला. खरंच खचला, हसू नका.

तेव्हा कोल्हा आला. हा कोल्हा वनराजांचा सांस्कृतिक सल्लागार होता.

"काटेश्वरजी, तुमचं संगीत ऐकून माझे डोळेच मिटले," तो म्हणाला. "महाराजांच्या दरबारात वाजवाल? तिथे हरणं तक्रारी घेऊन येतात. फार अस्वस्थ असतात बिचारी."

"श्रोते नाचणार नाहीत ना?"

"हलणारसुद्धा नाहीत."

काटेश्वर दरबारी कलावंत झाला. सिंहासनाशेजारी त्याला उंच खडक मिळाला. 'वनभूषण' मिळालं. हरणं यायची, "महाराज, पाणवठ्यावर..." इतकंच म्हणायची आणि जागीच कलंडून झोपी जायची. मग महाराजांचं जेवण व्हायचं. काटेश्वर डोळे मिटून वाजवत असायचा. कला डोळे मिटूनच करायची असते, असं त्याने एका मुलाखतीत सांगितलं होतं.

एके सकाळी, दरबार भरण्यापूर्वी, शेवंता नावाची हरिणी त्याच्या खडकापाशी आली. तिने कानांत चिखल भरला होता. मान झटकून तिने तो काढला.

"दादा, काल माझी बहीण इथे आली होती. गोकर्णा. ती परत आली नाही. मी झुडपाआडून पाहिलं. तुमचा सूर चालू होता, आणि महाराजांनी तिला..." तिने सिंहासनाकडे पाहिलं. "आज एक दिवस वाजवू नका, दादा. आम्हाला पळता तरी येईल."

काटेश्वराने पेटीवरची शेपटी उचलली.

"मधे जागी झाली होती का ती?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"उठून गेली नाही?"

"नाही, दादा."

"म्हणजे शेवटपर्यंत ऐकलं?"

"शेवटपर्यंत."

काटेश्वराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शेवंताबाई," तो म्हणाला, "तुमच्या घराण्याला कान आहे."

आणि त्याने पेटी उन्हात सरकवली. दरबाराची वेळ झाली होती.

तात्पर्य : शेवटपर्यंत ऐकणारा एक जरी श्रोता लाभला, तरी कलावंताचं आयुष्य सार्थकी लागतं. श्रोत्याचं आयुष्य हा कलेचा प्रांत नव्हे.